काढलेलं ते परातीत

"भाकरीची परात ती माझी. बगा, काय दशा केल्यानी तिची."

यमुनाबाई गॅरेजात चहाचे पेले ठेवायला आली की हे पुटपुटतेच. ऐकायला जवळ माझ्याशिवाय कुणी नसतं. पण मला ती कुरकुर बरी वाटते. मित्रांनो, जिच्याबद्दल अजून कुणीतरी कुरकुरतं, ती वस्तू अगदीच टाकून दिलेली नसते.

मी एक जुनी परात आहे. जर्मलची, काठाला एका जागी चेपलेली. मालवणहून तारकर्लीकडे जाताना रस्त्याला लागून यमुनाबाईच्या नवऱ्याचं, काशीरामचं गॅरेज आहे. तिथे पान्यांच्या फळीखाली, ऑइलच्या रिकाम्या डब्यावर माझी बैठक असते. अंगावर इतकं काळं बसलं आहे की मी मुळात कुठल्या रंगाची होते, हे आता यमुनाबाईलाच आठवतं.

माझी सुरुवात मात्र गॅरेजात झाली नाही. पत्रा दाबून मला कुठल्याशा कारखान्यात घडवलं, बाजारातून यमुनाबाईने उचललं आणि गॅरेजच्या मागच्याच तिच्या घरात मी नांदू लागले. रोज माझ्यात तांदळाची उकड पडायची, वाफ निघणारी. ती हात पाण्यात बुडवून मळायची आणि चटका बसला की मलाच रागवायची. घरात माणसं दोन, पण भाकऱ्या तिघांच्या होत. तिसरं ताट मंगेशचं असे. तो घाटाकडच्या गावातून गॅरेजात काम शिकायला आला आणि जेवायला म्हणून बसला तो घरचाच झाला. काशीराम-यमुनाबाईला मूलबाळ नाही. त्या उणिवेबद्दल दोघं कधी काही बोलत नसत. फक्त मंगेशच्या ताटातली भाकरी जरा मोठी असे.

मग एक दिवस एक गिऱ्हाईक काशीरामवर उखडलं. "पार्ट बदललंस कशावरून? माका काय दिसता?" काशीराम सरळ माणूस. त्याला ते फार लागलं. तो तडक स्वयंपाकघरात आला, मला पिठासकट उचललं आणि गॅरेजच्या दारात नेऊन ठेवलं.

"आजपासना गाडयेतसून काडलला ता परातीत," तो म्हणाला. "गिऱ्हाईकान बगायचा, मगे भंगारात."

मित्रांनो, ते माझे मानाचे दिवस होते. नवा पार्ट घातला की जुना माझ्यात पडायचा आणि माणसं वाकून बघायची. कुणी झिजलेला भाग बोटाने चाचपायचं, कुणी "बापरे, ह्याच्यावर मी फिरत होतंय?" म्हणायचं. देवबागेपासून लोक गाड्या घेऊन येत. काशीरामला 'परातवालो' म्हणू लागले. तो वरवर चिडायचा, पण घरी जाऊन यमुनाबाईला सांगायचा.

आता गंमत बघा. लोकांचा विश्वास बसला आणि त्यांनी माझ्यात बघणं सोडलं. लांबूनच मान हलवायचे. परातीत काहीतरी पडलेलं दिसलं म्हणजे बदललं, झालं. माझ्यावर एवढा भरवसा ठेवला की माझ्याकडे यायची गरजच उरली नाही. वाकून बघणारा चेहरा गेला की परातीला काय उरतं? वरचे पत्रे, आणि त्यांतून दिसणारं चिमूटभर आभाळ.

त्याच सुमाराला काशीरामचे गुडघे गेले. त्याला गाडीखाली बसता येईना. सगळं गॅरेज मंगेशच्या हातावर आलं. हात चांगला होता त्याचा. काशीराम स्टुलावर बसून नुसता बघायचा.

एकदा कुणा मास्तरांच्या स्कूटरची ब्रेक-शूची जोडी माझ्यात आली. चंद्रकोरीसारखे दोन वाकडे तुकडे, अस्तर झिजून गेलेलं, एकाचा कोपरा तुटका. मास्तर लांबूनच मान हलवून गेले, जोडी भंगारात जायला हवी होती. ती माळ्यावर गेली. थोड्या दिवसांनी दुसऱ्याच कुणाची तशीच स्कूटर आली आणि माझ्यात पुन्हा तोच तुटका कोपरा. मला आधी बरंच वाटलं, ओळखीचं कुणीतरी भेटायला आलं म्हणून. पण तो पुन्हा आला, पुन्हा आला. मग उलगडा झाला. मंगेश गाडीतला जुनाच ब्रेक पुसून, तार ताणून तसाच ठेवी. गिऱ्हाईकाच्या पैशाची नवी जोडी मंगेशच्या स्वतःच्या गाडीच्या डिकीतून बाहेर कुठेतरी विकायला जाई. आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे ठेवायला माळ्यावरची ही जोडी खाली येई.

शेजारच्या सोड्याच्या टपरीवाल्या भाईच्या लक्षात आलं होतं. "काय रे मंगेशा, पावणो इलो वाटता परत परातीत," म्हणून तो हसायचा. मंगेशही हसायचा. त्यापुढे कुणी बोलत नसे.

आणि एका दुपारी काशीराम माझ्यासमोर येऊन बसला. त्याने ती जोडी उचलली, तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि जशी होती तशी परत ठेवली. मग तो जेवायला गेला. भिंतीपलीकडून मला त्याचा आवाज आला, "मंगेशा, आणखी अर्धी घे."

यमुनाबाईने ती अर्धी वाढली असणार. ती दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आली तेव्हा माझ्याकडे बघून पहिल्यांदाच कुरकुरली नाही.

गॅरेजात सगळ्यांना माहीत, आणि सगळे गप्प. त्या गप्पपणात मी काळी होत राहिले.

मग सुगंधाची पाळी आली. ती स्कूटरच्या मागच्या सीटवर माशांचा क्रेट बांधून वाडीवाडीत विकत फिरते. तिने ब्रेक बदलायला स्कूटर टाकली आणि घाईत परत नेली. "जुनी जोडी परातीत ऱ्हवांदे, उद्या बगतंय," एवढं सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती कोपराला फडकं बांधून. स्कूटर ढकलत.

"माझी जोडी खंय आसा?"

"ही काय परातीत," मंगेश म्हणाला. "बग आणि सांग. टाकतंय भंगारात."

सुगंधा वाकली. किती काळाने माझ्यावर कुणाचा तरी चेहरा आला. तिने जोडी उचलली आणि चक्क नाकाला लावली.

"ही माझ्या गाडयेची नाय."

"काकी, बिरेकार काय नाव घातलला असता?" मंगेश हसला.

"नाव नाय, खवले असतत. पाठल्या चाकार रोज म्हावऱ्याचा पाणी गळता. माझ्या गाडयेचो खिळो काडलो तरी मांजर धावत येतली. हेका नुसतो तेलाचो वास."

"धुतल्यान असतलो मंगेशान," भाई टपरीतून म्हणाला, पण त्याला हसू आलं नाही.

"कोपराक काय लावलंस गो?" काशीरामने विचारलं. "हळद लाव."

"काकानू, बंदराच्या उतारार बिरेक लागलो नाय. म्होरे माणसां होती, म्हणान गाडी नारळाच्या ढिगात घातलंय. कोपर गेलो तर जाव, म्हावरा गेला तर जाव. माका येकच सांगा. माझो बिरेक बदललो काय नाय?"

भाई उगाच बाटल्या सरळ करू लागला. काशीरामने गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून राहिला. खरं बोललं तर तिसरं ताट जाणार होतं. नाही बोललं तर सुगंधा उद्या पुन्हा तो उतार उतरणार होती.

"काकानू, जेवची येळ झाली," मंगेश हळूच म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर तेव्हा मी एवढंच मागितलं असतं: आपल्यावर भरवसा ठेवून कुणी लांबूनच मान हलवली, तर तुम्ही तरी वाकून बघा. आणि आपल्या माणसाची चूक दिसली तर ती पुसून जागेवर ठेवू नका. तिला गंज चढतो, आणि तो घरभर पसरतो.

मला तोंड नाही. पण यमुनाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिने पेले खाली ठेवले. डब्यावरून मला उचललं, माझ्यातली घाण जमिनीवर ओतली आणि पदराने मला पुसू लागली. काळं निघत नव्हतं, तरी ती पुसत राहिली.

"मंगेशा," ती म्हणाली, "ह्याच परातीत तुझ्या भाकरयेचा पीठ मळलंय मी. तू चोरी करतंस, झिला, माझ्या पोरा. आमका दोघांकय ता म्हायत होता."