खाच पडलेल्या सुऱ्याचा सूड

मित्रांनो, मी एक जुना सुरा आहे, पण मला टोक नाही. भोसकण्यासाठी मला कुणी घडवलंच नव्हतं. ब्रुकलिनमधल्या एका तळघरात एका म्हाताऱ्या ज्यू कारागिराने मला सहा दगडांवर घासलं आणि आपल्या जावयाच्या हाती दिलं. जावयाचं नाव फिशेल.

"कापण्याआधी नख फिरव, कापल्यावर नख फिरव," म्हातारा म्हणाला. "केसाएवढी खाच असली तरी मुक्या जिवाचे हाल होतात. मग ते मांस कोशेर, म्हणजे आपल्या धर्माला चालणारं, नाही. ते आपल्याला चालत नाही, आणि दुसऱ्याला कोशेर म्हणून विकायचंही नाही."

फिशेल मला घेऊन आयोवातल्या मक्याच्या शेतांमधल्या एका गावी आला. तिथे कोशेर कोंबड्यांचा मोठा कारखाना निघाला होता. पहिली काही वर्षं माझ्या सुखाची गेली. फिशेल सावकाश कापायचा, दर थोड्या वेळाने थांबून माझ्या धारेवर नख फिरवायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "गुळगुळीत आहेस रे राजा!" त्याच्या शेजारी ग्वातेमालाची ओदिलिया उभी असे. कापलेल्या कोंबड्या ती फिरत्या साखळीच्या आकड्यांना टांगायची. ती फिशेलला 'मास्तर' म्हणायची.

मग हिर्श व्यवस्थापक झाला. ज्यूंचा पेसाखचा सण जवळ आला, मागणी वाढली आणि त्याने साखळीचा वेग दीडपट केला.

"फिशेल, नखं काय रंगवतोयस? हात चालव!" तो ओरडायचा.

"वेग कमी करा हो साहेब," ओदिलिया एकदा म्हणाली. "हातमोजे अडकतात आकड्यात."

"कोंबड्या कधी तक्रार करत नाहीत, तूच करतेस," हिर्श हसून म्हणाला.

त्याच आठवड्यात तिचा हातमोजा आकड्यात अडकला. साखळी तिला चाकाकडे ओढत नेऊ लागली. ती किंचाळली, फिशेलचा हात दचकला आणि मी लोखंडी खांबावर आदळलो. मुकादम साखळी थांबवायच्या बटणाकडे धावला. हिर्शने त्याचं मनगट धरलं.

"आधी ही खेप होऊ दे!"

ओदिलियाची दोन बोटं गेली. शेजारच्या दोघी कामगार बायकांनी तिला उचलून बाहेर नेलं. साखळी फिरतच राहिली. हिर्श फिशेलच्या कानाशी ओरडत होता, "सुरा नंतर बघ! काप!" आणि मित्रांनो, माझ्या मालकाने जन्मात पहिल्यांदा मला न तपासता चालवलं.

तीनशे कोंबड्यांनंतर त्याने नख फिरवलं. ते अडकलं.

तीनशे जीव मी ओरबाडून मारले होते. ज्या एका गोष्टीसाठी मला घडवलं, तीच माझ्याकडून मोडली होती. फिशेल म्हणाला, "हा माल कोशेर नाही." हिर्शने मला उजेडात धरलं. "खाच? मला तर दिसत नाही," म्हणाला आणि सगळ्या मालावर कोशेरचा शिक्का मारायला लावला.

आठवड्याने ओदिलिया हाताला पट्टी बांधून आली, तेव्हा तो म्हणाला, "कोण तू? इथे कधी कामाला होतीस? कागदपत्रं आहेत का तुझ्याकडे? पोलिसांना एक फोन केला ना, तर पुढच्या आठवड्यात ग्वातेमालात असशील."

ती तशीच फिशेलच्या घरी आली. "मास्तर, मला दया नको. मला त्याचं तोंड काळं झालेलं बघायचंय."

फिशेलने माझी खाच घासून काढली नाही. मला कापडात गुंडाळलं आणि कोशेरचा शिक्का देणाऱ्या रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, पत्र लिहिलं. मी त्या कापडात पडून एकच गोष्ट मागत होतो : हिर्शची मान नको, फक्त त्याची जीभ माझ्या धारेवर येऊ दे.

ती जीभ आलीच. शिकागोहून आलेले तीन रब्बी कारखान्याच्या जेवणघरात बसले. मी मधोमध टेबलावर होतो.

"या बाईला मी ओळखत नाही," हिर्श म्हणाला. "ही खाच फिशेलने घरी पाडली असेल."

सगळ्यात वृद्ध रब्बी फिशेलकडे वळले. "वीस वर्षांत तुझा हात कधी हलला नाही. मग हे कसं?"

फिशेल मुद्दामच गप्प राहिला. त्याला अडकवायची संधी हिर्शने सोडली नाही.

"त्याचा हात हलतो, रब्बी! ही बाई किंचाळली आणि याने सुरा खांबावर हाणला. मी स्वतः बघितलंय!"

तिन्ही रब्बींनी त्याच्याकडे बघितलं. आपण काय बोललो, ते हिर्शला सगळ्यांत शेवटी कळलं.

"नख फिरव," रब्बी त्याला म्हणाले. त्याने फिरवलं. टक्! तो आवाज मला कुठल्याही दगडाच्या घासण्याहून गोड वाटला.

तेव्हा ओदिलिया बोलली, "कोंबडीच्या मानेसाठी एवढे नियम! माझ्या बोटांसाठी एकही नाही?"

वृद्ध रब्बींनी मान खाली घातली. "आहे, बाई. आम्हीच पाळला नाही."

कारखान्याचा कोशेरचा शिक्का गेला. भरून गेलेले ट्रक परत आले. हिर्श फाटकात उभा राहून ते बघत होता. उन्हाळ्यात कारखान्याला कुलूप लागलं. चारशे माणसं घरी बसली, त्यांत ओदिलियाची सख्खी बहीण होती. ती आजही तिच्याशी बोलत नाही. सुरा न तपासता कापलं म्हणून रब्बींनी फिशेलचाही कापण्याचा अधिकार काढून घेतला. तो आता पाव भाजतो आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात पडून असतो.

योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाआधी ज्याचा अपराध केला त्याची माफी मागायची, अशी या लोकांची रीत. त्या शरद ऋतूत हिर्शने फिशेलचं दार ठोठावलं.

"माझ्याकडे काय मागतोस? चल," म्हणत फिशेल त्याला ओदिलियाच्या अंगणात घेऊन गेला. परतल्यावर त्याने बायकोला सांगितलं, ते मी ऐकलं.

ओदिलिया कपडे वाळत घालत होती. हिर्श म्हणाला, "माझं चुकलं. मला माफ कर."

तिने तीन बोटांच्या हाताने चिमटा लावला आणि विचारलं, "माझं नाव काय?"

हिर्शने तोंड उघडलं, पण त्याला आठवेना. सुनावणीत ते दहा वेळा उच्चारलं गेलं होतं.

"आठवलं की या," ती म्हणाली आणि रिकामी बादली घेऊन आत गेली.

मित्रांनो, हत्यारांना जपा, त्यांची धार राखा. पण त्याआधी, तुमच्या शेजारी उभं राहून राबणाऱ्या माणसाचं नाव विचारून घ्या. दोन वर्षं झाली, हिर्श अजून परत आलेला नाही. आणि मला त्याची जराही कीव येत नाही.