गल्लीची उडी

मित्रांनो, तुमचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत, पण तुमच्या चपलांचे तळ मी झोपेतही ओळखीन. मी एका गल्लीतल्या फूटपाथवरची जुनी दगडी फरशी आहे. खाणीतून निघाले तेव्हा अगदीच ओबडधोबड होते. मग मला घासले, माझे चारही कोपरे नीट कापले आणि बहिणींच्या रांगेत इथे बसवले. एका बाजूला शिंप्याचे दुकान, दुसऱ्या बाजूला बसथांबा. इतकी मोक्याची जागा मिळाली याचा मला अजून अभिमान वाटतो.

चालताना आपल्याला कोणी पाहत नाही, असे माणसांना वाटते. मी पाहते. बँकेतले रोखपाल रोज बसमागे धावतात. पिशवीत डबा खडखडतो, एक हात खिशावर आणि दुसरा हवेत. ड्रायव्हर ओळखीचा असल्यामुळे बस थांबलेलीच असते, तरी ते धावतातच. समोरच्या घरातल्या दोघी जावा वजन कमी करायला फिरायला निघतात. त्यांची जीभ पुढे चालते आणि पाय मागे राहतात. शिंप्याच्या दारात उभ्या राहून त्या एक विषय संपवतात आणि दमून घरी जातात. घरी काही विसरलेला माणूस तर सरळ मागे वळत नाही. आधी मनगटाकडे बघतो, तिथे घड्याळ नसले तरी, आणि मगच वळतो. ठेचकाळलेला माणूस पुढची चार पावले पळून दाखवतो, जणू त्याला पळायचेच होते.

या सगळ्यांत मला आवडायची ती खेळाच्या सरांची चाल. सर शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांची चाल झाली नाही. ताठ मान, समोर नजर आणि जाता जाता दुसऱ्यांच्या चालीची दुरुस्ती. शिंप्याला म्हणत, पाय घासू नकोस. रोखपालांना सांगत, धावताना कोपर वाकवा. निम्मी गल्ली त्यांच्या शिट्टीवर पळून मोठी झाली होती. त्यामुळे सर दिसले की लोकांच्या पाठी आपोआप सरळ होत.

पुढे पावसाच्या पाण्याने माझ्याखालची वाळू वाहून गेली आणि मी डुगडुगू लागले. कोणी पाय ठेवला की माझे एक टोक खाली जाई, दुसरे वर येई आणि खाली साचलेल्या पाण्याची पिचकारी थेट कपड्यांवर उडे. रोखपालांची कडक इस्त्रीची विजार मी किती वेळा भिजवली ते विचारू नका. गल्लीतच एक गवंडी राहायचा. लोक त्याच्याकडे तक्रार घेऊन गेले की तो म्हणे, "उद्या करतो." शेवटी लोकांनी त्याचे नावच उद्याशेठ ठेवले.

मग गल्लीने स्वतःच उपाय शोधला. माझ्याजवळ आले की प्रत्येक जण टुणकन उडी मारू लागला. दोघी जावा वाक्य न तोडता एकदम उडत. शिंपी उडाला की त्याच्या गळ्यातली टेपही उडे. जो भिजला तो पाहुणा आणि जो उडाला तो आपला, असा हिशेब ठरून गेला. मला कोणी नावे ठेवीना आणि नीट बसवीनाही. मित्रांनो, सगळ्यांनी वळसा घातला की खड्डासुद्धा घरचा वाटू लागतो. मला मात्र वाईट वाटे. फरशीवर कोणी पायच ठेवायचा नाही, तर तिने जगायचे कशासाठी?

अशातच सर न्हाणीघरात घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हातात काठी आली. रोज चालले नाही तर पाय कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण सर घराबाहेर पडेनात. त्यांची मुलगी इस्पितळात परिचारिका होती. तिने शिंप्याजवळ मन मोकळे केले. आपल्याला लंगडताना विद्यार्थी बघतील, याची बाबांना लाज वाटते, असे ती म्हणाली.

एका दुपारी फूटपाथ रिकामा असताना ती त्यांना कशीबशी घेऊन आली. बसथांब्याच्या बाकापर्यंत जायचे होते. काठी टेकत सर माझ्यापाशी आले आणि थांबले. उडी मारणे शक्य नव्हते आणि खाली रस्त्यावर वाहनांची वर्दळ होती. त्यांनी काठीने मला चाचपले. मी अंग चोरून घट्ट राहायचा खूप प्रयत्न केला, पण डुगडुगलेच.

"चल परत," सर म्हणाले. "माझं मैदान इथंच संपलं."

त्यानंतर ते बाहेर आलेच नाहीत. मला इतकी शरम वाटली की जमिनीत गडप व्हावे, पण तेही माझ्या हातात नव्हते.

शिंप्याने हे सगळे उद्याशेठच्या कानावर घातले. शाळेत असताना हा गवंडी प्रत्येक शर्यतीत शेवटचा यायचा आणि तो पोहोचेपर्यंत सर अंतिम रेषेवरची दोरी कोणाला सोडू देत नसत. त्याच संध्याकाळी तो थापी, वाळू आणि सिमेंट घेऊन आला. मला उचलून त्याने खालची जागा भरली, पाणसळ लावून मला समतल बसवले, वर ओले गोणपाट टाकले आणि सिमेंट घट्ट होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला हाकलत राहिला.

गोणपाट निघाले तेव्हा मुलगी सरांना म्हणाली, "उद्याशेठनं फरशी पक्की बसवलीय बाबा, आणि दुपारी माझी ड्यूटी आहे. यायचं तर आत्ताच."

बसची वेळ होती आणि गल्ली भरलेली. सर मान खाली घालून माझ्यापर्यंत आले आणि पुन्हा थांबले. तेवढ्यात दोघी जावा आल्या आणि माझ्यावरून उडाल्या. शिंपी उडाला. रोखपाल धावता धावता उडाले. मागोमाग गवंडी आला. त्याने मला स्वतःच्या हाताने बसवले होते, तरी तोही टुणकन उडाला.

सरांच्या ओठांचा कोपरा हलला. मग पोट हलू लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. कितीतरी दिवसांनी ते हसत होते, आणि मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग त्यांनी काठी माझ्यावर टेकवली, मग दुखरा पाय, मग दुसरा. मी तसूभरही हलले नाही.

"बघ गं," सर म्हणाले, "अख्ख्या गल्लीत सरळ चालणारा मी एकटाच."

आणि ते बाकापर्यंत गेले. वाटेत शिंप्याला पाय घासू नकोस म्हणायलाही विसरले नाहीत.

आता सर रोज येतात. लोक अजूनही सवयीने उडतात, पण सर दिसले की ओशाळून माझ्यावर पाय ठेवतात. मित्रांनो, तुमच्याही वाटेवर एखादी डुगडुगती फरशी असेल. तुम्हाला उडी मारता येते, हे चांगलेच आहे. पण तुमच्यामागून कोणी काठी टेकत येत असेल, म्हणून तिला आजच बसवून घ्या. आणि ती बसली की तिच्यावर खुशाल पाय ठेवा. आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट फार बरे वाटते.