तपकिरी डगल्याच्या आतले छीट

मी एक जुने छीट आहे, मित्रांनो, रंगीत नक्षीचे सुती कापड. ओसाकाच्या एका तपकिरी डगल्याचे अस्तर. जन्म चोळमंडळच्या किनाऱ्यावरचा. तिथल्या कारागिराने माझ्यावर लाल वेली काढल्या, आणि डच गलबतात मिऱ्याच्या पोत्यांशेजारी शिंका ऐकत मी नागासाकीला उतरले.

ओसाकाचे तेलाचे व्यापारी हानबेई मला पाहून पाघळलेच. पण व्यापाऱ्याने भपका करू नये, असा सरकारी हुकूम होता. पलीकडच्या गल्लीत एकाच्या अंगावर भारी कापड सापडले, तर त्याच्या दुकानाला टाळे लागले. म्हणून हानबेईंनी चार शहाण्यांसारखेच केले: बाहेर साधे सुती, आत मी.

तरी दोस्तांच्या बैठकीत डगल्याचा कोपरा उलटल्याशिवाय त्यांना मद्य गोड लागत नसे. सगळे "वाहवा!" म्हणत. घरी त्यांची बायको ओशिगे म्हणे, "अहो, सुटलेलं पोट दाखवता तेवढं पुरे की! अस्तर कशाला?"

"कोपराच दाखवला गं."

"टाळं काय कोपऱ्यालाच लावतात?"

एका हिवाळ्यात कपडे तपासणारा अंमलदार हिमवर्षावात भिजून दुकानात आला. दात कडकडत होते. पाहुणा गारठलेला पाहिला की हानबेईंचे हात डोक्याला विचारत नसत. "साहेब, ओला डगला उतरवा, हा घाला," म्हणत त्यांनी स्वतःचा काढून दोन्ही हातांनी पुढे केला. मी भर दुकानात लालभडक उघडे! पुढे केलेली वस्तू मागे कशी घेणार? ओशिगेच्या हातातला तेलाचा पळा खाली पडला.

अंमलदाराच्या ओल्या डगल्याचीही एक बाही तोवर उतरली होती. तिच्या आतून लाल वेल डोकावत होती. माझेच भावंड, मित्रांनो, एकाच ताग्यातले!

ओशिगे पुढे झाली. "साहेब, तुमच्या डगल्याची घडी मी घालू?"

"घाला," तो खाकरला. "आतली बाजू आतच राहू द्या."

मग त्याने वहीत लिहिले: एक डगला, सुती, साधा.

तो गेल्यावर ओशिगे इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. हानबेई मात्र आधीच बसले होते.

पुढे हानबेई वारले आणि मी पेटीत पडून राहिले. कसर लागली, शिवण उसवली. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने कापड असेल. त्याला कडक ऊन नको, सावलीतला वारा द्या, आणि वेळेवर टाका घाला. कोणती शिवण कोणाची अब्रू झाकून बसली आहे, हे बाहेरून कळत नाही.