दुधातला गुलकंद

सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती आणि दोन्ही वेळा सरिताची रजा फुकट गेली होती. कारण एकच, लताबाईंची साखर. ती उतरल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नव्हते, आणि ती काही केल्या उतरत नव्हती.

बरं, सरिताची हयगय होती म्हणावं तर तेही नाही. दिंडोरी रोडच्या पॅकहाउसमध्ये दिवसभर उभ्यानं द्राक्षं निवडायची, संध्याकाळी पाय ओढत पंचवटीतलं घर गाठायचं आणि आल्या आल्या सासूचा पथ्याचा स्वयंपाक करायचा. तिचा नवरा, ललित, कंपनीची गाडी घेऊन कायम बाहेरगावी. घरात चहा बिनसाखरेचा, भात बंद, साखरेचा डबा माळ्यावर. एवढं करूनही साखर चढतीच म्हटल्यावर तिचं डोकं फिरलं. म्हातारी चोरून खाते, दुसरं काय! तिनं सासूची गादी उलटीपालटी केली, ट्रंक उपसली आणि शेजारच्या तेजलसमोर नको नको ते बोलली. लताबाई खाटेच्या कडेला बसून ऐकत राहिल्या.

"मी नाय गं चोरून खात काई," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला साखर बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला सारला. "सकाळपासून झोपेपर्यंत यांच्या पोटात काय काय जातं, सगळं सांगा."

सरितानं घडाघडा सांगितलं. भाकरी, मेथी, मूग, ताक. सांगताना तिला थोडा अभिमानच वाटत होता.

"आणि औषधं?"

"तुमच्या गोळ्या. त्यांनी पोटात आग पडते यांच्या, म्हणून संध्याकाळी दुधातून गुलकंद देते. दोन मोठे चमचे."

"गुलकंद?"

"बाजारचा नाही हो, घरचा. गावठी गुलाब आणून मी स्वतः घालते."

"कसा घालता?"

"पाकळ्यांवर खडीसाखरेचा थर, परत पाकळ्या, परत खडी..."

सरिताची जीभ तिथंच अडली. पाकळ्यांच्या दुप्पट खडीसाखर तिनंच कुटली होती, बरणी गच्चीवर उन्हात ठेवून रोज हलवली होती. तिच्या माहेरी तोंड आलं की गुलकंद, उन्हाळी लागली की गुलकंद. तो गोडात मोडतो हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं. औषधाला कुणी पथ्यात धरतं का? डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तारीख पुन्हा पुढे गेली. रिक्षात बसल्यावर सरितानं विचारलं.

"आई, तुम्हाला गोड लागत नव्हतं का ते?"

"लागायचं की. डोळे गेलेत माझे, जीभ नाय गेली."

"मग मी एवढं तोडून बोलले, तेव्हा सांगायचं नाही?"

लताबाईंनी पदर सारखा केला. निफाडकडचं त्यांचं बोलणं नेहमीच संथ. "सांगितलं असतं तर तू बंद केलं असतं."

"गोडासाठी एवढं?"

"गोडाचं काय घिऊन बसली! पेला हातात दिला का तू जवळ बसायची, सांडंल म्हणून. दिसभरात तेवढीच बसती तू माझ्यापाशी. दूध सरलं का उठती."

सरिताला स्वतःची लाज वाटली, आणि इतकी दमली होती ती की लाजसुद्धा धड वाटून घेता येईना.

संध्याकाळी तिनं गुलकंदाची बरणी उचलून तेजलच्या घरी नेऊन दिली. परत येऊन नुसतं दूध कोमट केलं, पेला लताबाईंच्या हातात दिला आणि खाटेवर टेकली. ओट्यावर भांडी तशीच पडली होती. कणीकही मळायची होती.

लताबाईंनी दूध संपवलं आणि पेला पुढे केला. "झालं गं. ऊठ तू."

सरितानं पेला घेतला नाही. पाय वर घेऊन ती भिंतीला टेकली.

"अजून आहे की तळाला."

लताबाईंनी रिकामा पेला पुन्हा मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरला.

"हां," त्या म्हणाल्या. "हाय थोडं."