फळीवरचा हात

मी एक जुनी फळी आहे. फणसाच्या लाकडाची, हातभर लांब, अंगावर कापसाची गादी आणि स्वच्छ पट्टी ल्यालेली. मित्रांनो, फळी म्हटल्यावर हसू नका. १९८०च्या सुमारास मी रत्नागिरीच्या एका रुग्णालयात आले, आणि सलाईन लावलेले कित्येक हात माझ्या पाठीवर विसावले. हात हलला की सुई शिरेबाहेर निसटते. तो हलू न देणे हे माझे काम, आणि ते मी चोख केले. माझा दंडक एकच: सुईची जागा आणि बोटे कधी झाकायची नाहीत.

एका दुपारी जुलाबांनी गळून गेलेली कमळा नावाची कोळीण माझ्यावर हात ठेवून पडली होती. तिला थंडी वाजू नये म्हणून सासूबाई सोनूबाईंनी गोधडी खांद्यापर्यंत ओढली आणि मी अंधारात गेले. तेवढ्यात कमळा कुशीवर वळली. माझ्या पाठीवरचा हात हळूहळू जड आणि गार होऊ लागला. सुई निसटली होती. औषध मिसळलेले पाणी कातडीखाली साचत होते. मला सारे कळत होते, पण लाकडाला वाचा कुठली?

कमळा कण्हू लागली. सोनूबाईंनी परिचारिका विमलाताईंना बोलावले.

"बाय, ती सलाईन आता वाढव गो."

थेंब मंदावलेलेच होते. विमलाताईंचा हात नळीवरच्या चाकाकडे गेला. ते फिरले असते, तर मासळी कापणारा तो हात अधू होण्याची भीती होती. परंतु चाकाला हात लावण्यापूर्वी सुईची जागा पाहायची, ही त्यांची शिस्त. त्यांनी गोधडी दूर केली. हात टम्म फुगला होता.

त्यांनी तत्काळ सलाईन बंद केली, सुई काढली, हात उशीवर उंच ठेवला आणि डॉक्टरांना बोलावले. मग सोनूबाईंकडे वळल्या.

"हात एवढा सुजलाय, आणि वाढव कसलं म्हणता?"

"दुकान वाढवतात तशी गो. आजाऱ्याच्या उशाशी 'बंद कर' म्हणू नये."

कण्हता कण्हता कमळालाच आधी हसू फुटले.

डॉक्टर तपासून गेल्यावर विमलाताईंनी हात धुऊन कमळाच्या दुसऱ्या हाताला नवी सुई लावली. त्याखाली पुन्हा मीच. संध्याकाळी आधीच्या हाताची सूज ओसरली. कमळाने त्याची मूठ वळून दाखवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आता लवचिक नळीच्या नव्या सुया आल्या, म्हणून मी कपाटात असते. त्याचा मला राग नाही. मात्र माझी आज्ञा पाळा. मायेने पांघरूण घाला, पण सलाईनचा हात उघडा ठेवा. तो दुखला, सुजला, तर लगेच सांगा, आणि सरळ शब्दांत सांगा.

बरे, आता मी माझी गोष्ट वाढवते. सोनूबाईंच्या अर्थाने.