उतरली का?

लेकीला मुलगी झाली आणि तिने ती आम्हाला दाखवलीसुद्धा नाही, त्या वर्षीची ही गोष्ट. "बाबा सहा महिने न पिता राहिले तर आणीन," एवढंच तिने फोनवर सांगितलं होतं. आमचे हे दारू सोडवायच्या दवाखान्यात एकवीस दिवस काढून घरी निघाले, तेव्हा तिथल्या व्यायामाच्या बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"गोळ्या चालू ठेवायच्या, दर आठवड्याला इथे बोलायला यायचं. आणि तल्लफ आली की दम लागेपर्यंत चालायचं, नाहीतर जिने चढायचे. हाही औषधाचाच भाग समजा."

हे म्हणाले, "बाई, मी लिफ्टमन आहे. लोकांनी जिना चढू नये म्हणून तीस वर्षं पगार घेतोय."

"मग जिना नवा कोरा असेल," बाई म्हणाल्या.

तसा तो होताच. इमारत सात मजल्यांची, आमची खोली तळमजल्यावर लिफ्टला लागून, आणि ह्यांनी तो जिना तिसऱ्या मजल्याच्या वर कधी पाहिलाच नव्हता. पहिल्या दिवशी दुसऱ्याच मजल्यावर फतकल मारून बसले.

"अगं, मी इथेच मरतो. दारूने मेलो असतो तर निदान बसून मेलो असतो."

"मरा, पण चढून मरा," मी खालून म्हटलं.

पुढे पुढे मलाच नवल वाटू लागलं. तल्लफ येते म्हणजे नेमकं काय होतं आणि जाते तेव्हा ती कुठे जाते, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते फक्त भांडायला. आता रोज विचारायची, आणि हेही एखादं यंत्र उघडून बघावं तसे विचार करून सांगायचे.

"पहिल्या मजल्यावर वाटतं, मागे फिरावं, दुकान कोपऱ्यावरच आहे. तिसऱ्यावर त्या बाईंसाठी शिव्या सुचतात. पाचव्यावर पाणी हवंसं वाटतं. नुसतं पाणी."

"म्हणजे पाचव्यावर उतरते म्हणायची."

"कधी पाचव्यावर, कधी सहाव्यावर. रविवारी तर दोन खेपा केल्या तरी ढिम्म हलली नाही."

इमारतीतले लोक थट्टा करायचे. "काय लिफ्टमन, आज किती चढली?" हे म्हणायचे, "सात मजले." मला मात्र सवयच जडली. हे वर गेले की जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि वर बघून विचारायचं, "उतरली का?"

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी ह्यांची सकाळपासून तगमग चालली होती. लेकीचा फोन आला नव्हता. दहा वाजता लिफ्ट बंद करून जिन्याने गेले. दुसऱ्या खेपेला मी हाक मारली, "अहो, उतरली का?"

"नाही अजून," वरून आवाज आला. "आज लवकर उतरायची नाही ती."

मी वळले, तर मागे लेक उभी. कडेवर बाळ.

तेवढ्यात हे खाली आले. तोंड लालबुंद, सदरा बाहेर आलेला, एक हात भिंतीला, पाऊल एकीकडे टाकावं तर पडतंय दुसरीकडे. लेकीने लहानपणी रोज पाहिलेलं तेच ध्यान.

"आई, तूसुद्धा फोनवर खोटं बोललीस," ती म्हणाली आणि निघाली.

"अगं, तल्लफ म्हणायचं होतं मला..." मी म्हटलं, पण ती थांबली नाही. त्या घरात आजवर किती सबबी सांगून झाल्या होत्या.

हे शेवटच्या पायरीवर थांबले. "जाऊ नकोस. वास घे."

ती सात-आठ वर्षांची असताना मीच तिला पाठवायची, जा, बाबांच्या तोंडाला वास येतो का बघून ये. हे तोंड फिरवायचे. कधी हात उगारायचे. आज त्यांनी आपणहून मान खाली वाकवली, तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले.

लेकीने बाळ माझ्याकडे दिलं. जवळ गेली. चांगला वेळ घेतला तिने.

"नुसता घामाचा वास आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाबा, सदरा बदलत जा."

तिने बाळ माझ्याकडून घेतलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी हात मागे घेतले.

"आत्ता नको. पाय लटपटतायत. आधी बसू दे मला."

ते पायरीवर बसले. तळवे विजारीला पुसले. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी लिफ्टची घंटा वाजवत होतं, वाजवत राहिलं. गुडघे थरथरायचे थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मग त्यांनी हात पुढे केले.

त्यानंतर हे दोनदा प्यायले. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून लेकीला सांगितलं, आणि तिने बाळाला आणणं थांबवलं नाही. हे वारले ते नात अकरा वर्षांची असताना, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, सकाळी, लिव्हरच्या दुखण्याने. वय सदुसष्ट होतं.