जया म्हणते

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. मंडळाच्या फेरीहून ती साडेदहाला घरी आली. कॅनव्हासचे बूट दारात काढले, हातपाय धुतले आणि तुरीच्या शेंगा सोलायला माझ्यासमोर खाली बसली. मी खुर्चीत वाचत होते.

"आज महाल भागातली एक विहीर पाहिली," ती म्हणाली. "काठाच्या दगडाले दोरानं खाचा पडल्या आहेत. सारे जण खाचाच मोजून राहिले होते."

"अच्छा."

"तीन बाजूनं खाचा आहेत. चवथी बाजू चोपडी. काहून, सांग बरं?"

मी पान उलटलं. "दगड वेगळा असेल."

"दगड तोच आहे वं," आई हसली. मग तिनं आणखी काहीतरी सांगितलं. दुपारी दाण्यांची उसळ झाली, संध्याकाळी तिनं वाळलेले कपडे काढले, घड्या केल्या. सोमवारी सकाळी ती न्हाणीघरात पडली. धंतोलीत दवाखान्यात नेलं, त्याच भागातल्या एका नर्सिंग होममध्ये तिनं तीस वर्षं आया म्हणून काम केलं होतं, त्यामुळे रस्ता मला डोळे मिटूनही सापडला असता. दुपारी चारला डॉक्टर बाहेर आले. मेंदूत रक्तस्राव.

महिनाभरानं महादेवरावांचा फोन आला. ते 'जुनं नागपूर अभ्यास मंडळा'चे सचिव, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. मंडळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतं. एका महिन्यात सीताबर्डीच्या वाचनालयात व्याख्यान, पुढच्या महिन्यात एखाद्या वस्तीतून पायी फेरी. आई सातवी पास. तीन वर्षं ती तिथे जायची ते चालणं आणि नंतरचे तर्री पोहे यांसाठी, असं मी धरून चालले होते.

"मनकर्णाबाईंना श्रद्धांजली आहे. आपण यावं," ते म्हणाले.

गेले. दारात नाव सांगितलं तर दोघे उठून उभे राहिले. महादेवरावांनी स्वतःची खुर्ची पुढे केली.

"जयाताई, तो आपला विहिरीचा मुद्दा! महिनाभर डोक्यातून गेला नाही."

"कुठला मुद्दा?"

"पाहा, यांचा विनय पाहा," ते इतरांना म्हणाले. मग मलाच माझा मुद्दा समजावून सांगू लागले. "त्या दिवशी विहिरीपाशी बाई म्हणाल्या, माझी मुलगी जया म्हणते, खाचा काय मोजता, चोपडी बाजू पाहा. तिकडे उभे राहणाऱ्यांना दोर सोडू देत नसत. ते भांडं खाली ठेवायचे आणि कोणी वरून ओतेपर्यंत थांबायचे. आम्ही तीस वर्षं त्या विहिरीवर जातो ताई. आम्हाला दिसलं नाही."

मी मान हलवली. घरी आल्यावर हिशेब जुळेना. विहिरीवर ते नऊ वाजता होते. म्हणजे नऊ वाजता मी जे म्हटलं होतं, ते आईनं मला साडेदहाला विचारलं होतं, आणि मला उत्तर आलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात खरं सांगावं असं ठरवून गेले. ती फेरी इतवारीतली. एका जुन्या घरासमोर निवृत्त शिक्षिका गोपिकाबाईंनी माझा दंड धरला.

"ह्या घराले मुळात पाच पायऱ्या होत्या ना? आता दोन दिसतात. घर खचलं नाही, रस्त्यावर रस्ता चढत गेला. तीन पायऱ्या खाली आहेत. तूच सांगितलं होतं."

"मी?"

"तुझ्या आईच्या तोंडून. जया म्हणते, जया म्हणते. आम्ही म्हणायचो, अशानं ही जया जेवते तरी केव्हा?" सगळे हसले. मीही हसले. सांगायचं राहिलं.

मग जातच राहिले. व्याख्यानात शेवटी महादेवराव माझ्याकडे वळून विचारायचे, "जयाताईंना काय वाटतं?" मी कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं काढली आहेत, कोणत्याही विषयावर दोन बऱ्या वाक्यांपुरतं मला येतं. ते लिहून घ्यायचे. पण ती वाक्यं पुस्तकांतली होती. आईसारखं थांबून मी कधी कुठल्या पायरीकडे पाहिलं नव्हतं. हेही कळेना की आई खोटं का बोलली. माझं कौतुक म्हणून? की तिला खरंच वाटायचं, इतकी वाचते म्हणजे जयाला हे ठाऊक असणारच?

पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. तेव्हा मी महादेवरावांकडून सभावृत्ताची वही मागून घेतली. त्यांच्या टोकदार अक्षरात चौदा ठिकाणी तेच होतं: 'श्रीमती मनकर्णा गजभिये यांनी कन्येचे मत मांडले.' मी चौदाही मतं वाचली. तेरा तर माझी नव्हतीच. एकावर अडकले. 'नकाशात जे नाही ते राहून गेले असे समजू नये.' हे मी म्हटलं असेन. भांडी घासताना, काहीतरी बिनसलेलं असताना, असं वाक्य माझ्या तोंडून जाऊ शकतं. किंवा ते तिचंच असेल आणि माझ्यासारखं बोलायची तिला सवय झाली असेल. मी त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून बसले.

दिवाळीनंतर गोपिकाबाईंना विचारलं. "आई स्वतःचं म्हणून कधीच काही बोलली नाही का?"

"बोलली ना. पहिल्याच महिन्यात. कुठल्याशा घाटाबद्दल होतं." त्या आठवत राहिल्या. "कोणी ऐकलंच नाही वं. चहा आला मधात. मीही चहाच घेतला, खोटं काहून बोलू? पुढच्या महिन्यात ती म्हणाली, माझी पोरगी लायब्रेरियन आहे, ती म्हणते. महादेवरावांनी लगेच पेन काढला."

"तुमच्या लक्षात आलं होतं?"

"मले वाटलं, तुले माहीत असेल."

जानेवारीत महादेवरावांनी वार्षिक पुस्तिकेची मुद्रितं पाठवली. पहिलाच लेख, वहीतल्या नोंदीवरून त्यांनीच लिहिलेला: 'विहिरीची चौथी बाजू'. खाली नाव, जया गजभिये, ग्रंथपाल. शुद्धलेखन तपासून द्या, आणि फेब्रुवारीच्या सभेत याच विषयावर बोला, असा निरोप होता. दोन दिवस मी खरोखरच शुद्धलेखन तपासत बसले. 'चोपडी' खोडून त्यांनी 'गुळगुळीत' केलं होतं. मी परत 'चोपडी' केलं. नावापाशी पेन थांबायचा. खोडलं तर आई सगळ्यांसमोर तीन वर्षं खोटं बोललेली बाई ठरत होती. न खोडलं तर तिचं डोकं माझ्या नावावर छापून जात होतं, कायमचं. दोन्हींत तिचंच जात होतं. नाव तसंच ठेवून मुद्रितं परत पाठवली आणि लगेच फोन करून छपाई सभेपर्यंत थांबवायला सांगितली.

"काही चुकलंय का?" महादेवरावांनी विचारलं.

"सभेत सांगते."

सभेला चाळीस लोक होते, नेहमीपेक्षा जास्त. महादेवरावांनी माझी ओळख करून देताना 'तीक्ष्ण दृष्टी' असे शब्द वापरले. मी पाच कागद लिहून नेले होते, त्यात आईचा बचाव होता, थोडा मंडळावर राग होता, नीट बांधलेली वाक्यं होती. पहिला कागद वाचायला घेतला आणि ऐकू आलं ते एखाद्या पुस्तकासारखं होतं. मी कागद खाली ठेवले.

"लेखावरचं नाव बदलायचं आहे," मी म्हणाले. "तिथे मनकर्णा गजभिये लिहा. वहीतल्या चौदाही ठिकाणी तेच. एक कदाचित माझं असेल, मला नक्की आठवत नाही, तेही तिचंच लिहा."

महादेवरावांनी चष्मा काढला. "पण बाई तर स्वतः म्हणायच्या..."

"तिनं तिचं म्हणून सांगितलं तेव्हा इथे चहा आला होता."

गोपिकाबाई मांडीवरच्या पर्सकडे पाहत होत्या. इथे थांबता आलं असतं. दोष त्यांच्यावर टाकून मला सरळ घरी जाता आलं असतं. मी टेबलाची कड धरली.

"तुम्ही निदान माझ्या नावानं तरी तिचं ऐकलंत," मी म्हणाले. "ती घरी येऊन हे सगळं मलाही सांगायची. मंडळाच्या दर रविवारी. मी समोर बसलेली असायचे, आणि मी ऐकत नव्हते. आई, मी ऐकत नव्हते."